मराठी माध्यमाच्या मुलीनं पीयूसीला कुठलं गणित घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही खानापूर तालुक्यातल्या, मुलगी मराठी माध्यमातून एसएसएलसी (कर्नाटकची दहावी) पास झाली, गणितात १०० पैकी ७३. तिला पीसीएमसी (भौतिक, रसायन, गणित, कॉम्प्युटर सायन्स) घेऊन इंजिनिअरिंगला जायचं आहे. शाळेतले सर म्हणतात पीयूचं, म्हणजे अकरावी-बारावीचं, गणित तिला झेपणार नाही, कॉमर्सला जाऊन बेसिक मॅथ्स घ्या. शेजारच्या सीबीएसईच्या मुलानंही दहावीला बेसिकच घेतलं होतं. आई म्हणून तुम्हाला कळेना झालंय, कुणाचं ऐकायचं.

ताई, मी बेळगावात गेली बारा वर्षं पीयूच्या मुलांना गणित शिकवते, आणि स्वतः खानापूरकडच्याच एका खेड्यातून मराठी माध्यमातून आलेली आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी 'बेसिक' या शब्दाचा घोळ मिटवू. शेजारच्या मुलाचं बेसिक आणि सरांनी सांगितलेलं बेसिक यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. सीबीएसईत २०२० च्या परीक्षेपासून दहावीला गणिताचे दोन पेपर आले, स्टँडर्ड आणि बेसिक. अभ्यासक्रम एकच, पुस्तक एकच, फक्त बेसिकचा पेपर सोपा. ज्याला पुढे गणित नको त्याच्यासाठी ती सोय आहे. आपल्या कर्नाटक बोर्डात दहावीला असे दोन स्तर नाहीत. तुमच्या मुलीनं जो पेपर लिहिला तोच सगळ्यांनी लिहिला. आपल्याकडे फाटा फुटतो तो एसएसएलसीनंतर, आणि तो गणिताच्या नावानं फुटत नाही, कॉम्बिनेशनच्या, म्हणजे विषयांच्या गटाच्या, नावानं फुटतो. पीसीएमबी, पीसीएमसी, पीसीएमई, पीसीएमएस या सगळ्यांत गणित तेच, चौथा विषय तेवढा बदलतो: जीवशास्त्र, कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स, स्टॅटिस्टिक्स. कॉमर्सला हिबा नावाचं कॉम्बिनेशन घेतलं तर गणित नाहीच, तिथे इतिहास असतो. सिबाला स्टॅटिस्टिक्स, मिबाला बेसिक मॅथ्स.

हे बेसिक मॅथ्स हलकं आहे असंही समजू नका. त्यात मॅट्रिक्स आहे, लिमिट आणि डेरिव्हेटिव्हची ओळख आहे, शिवाय बिल डिस्काउंटिंग, शेअर्स, लर्निंग कर्व्ह अशी व्यापाराची प्रकरणं आहेत. बी.कॉम., सीए, बँकेच्या परीक्षा यांच्यासाठी ते उत्तम. सीए फाउंडेशनला १०० मार्कांचा एक पेपर गणित, तर्क आणि स्टॅटिस्टिक्सचाच असतो, त्याला याचा थेट उपयोग होतो. पण त्यावर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळत नाही. पीसीएमची मुलगी उद्या मन बदललं तर बी.कॉम.ला जाऊ शकते. मिबाची मुलगी मन बदललं म्हणून इंजिनिअरिंगला जाऊ शकत नाही. दोन वाटा समान असत्या तर मी एवढा ताण घेतला नसता. इथे एक वाट मागे वळू देते, दुसरी देत नाही. म्हणून मुलीला स्वतःला जायचं असताना खालची पायरी धरायला नुसता 'झेपणार नाही' हा अंदाज पुरत नाही. झेपेल की नाही ते तपासता येतं, आणि ते तुम्ही घरच्या घरी तपासू शकता.

७३ या आकड्यावरून मी काहीच ठरवणार नाही. एसएसएलसीच्या गणितात २० मार्क अंतर्गत असतात आणि ते बहुतेकांना भरभरून मिळतात. उरलेल्या ८० तही ठरलेली प्रमेयं, ठरलेले आलेख, पुस्तकातलीच उदाहरणं आकडे बदलून. माझ्याकडे ९६ मार्क घेऊन आलेला एक मुलगा होता, इंग्रजी माध्यमाचा, फाडफाड बोलणारा. लिमिटची पद्धत त्याला पाठ होती, पण वर-खाली अवयव पाडायची वेळ आली की हात थांबायचा. दहावीचं बीजगणित त्यानं पाठ केलं होतं, हातात बसवलं नव्हतं. फर्स्ट पीयूनंतर तो आपणहून पॉलिटेक्निकला गेला. आणि ६५ वाल्या दोन मुली अशा आल्या की त्यांना मी काही वेगळं शिकवावं लागलं नाही, फक्त इंग्रजी पुस्तक वाचायची सवय लावावी लागली.

तिला ही तीन उदाहरणं कोऱ्या कागदावर, पुस्तक बंद करून, सोडवायला द्या. वेळेचं बंधन नको.

पहिलं: १/क्ष + १/(क्ष+३) = १/२. क्ष काढ.

दुसरं: क्ष² + (क × क्ष) + ९ = ० या समीकरणाची दोन्ही मुळं समान आहेत, तर क किती?

तिसरं: ३० किलोमीटरच्या रस्त्यावर बसचा वेग ताशी १० किलोमीटरनं कमी झाला तर अर्धा तास जास्त लागतो. बसचा मूळ वेग किती?

उत्तरं सांगून ठेवते: पहिल्याचं ३ आणि उणे २, दुसऱ्याचं ६ आणि उणे ६, तिसऱ्याचं ताशी ३०. पण तुम्ही उत्तर बघू नका, कागद बघा. पहिल्यात अपूर्णांकांची बेरीज करताना ती छेद नीट जुळवते का? दुसऱ्यात फक्त ६ लिहून थांबली का? खूप मुलं थांबतात, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही, 'अजून एक उत्तर असेल का गं?' एवढं विचारल्यावर तिला सापडलं तर पुरे. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. तिथे समीकरण कुणी देत नाही, ते मांडावं लागतं, आणि मांडल्यावर ते पहिल्यासारखंच दिसतं. हे साम्य तिला स्वतःला दिसलं तर सरांचं मत मी बाजूला ठेवीन. तिन्ही अडले तरी लगेच निकाल लावू नका. दोन आठवडे रोज तासभर वर्गसमीकरणं, अवयव, अपूर्णांक एवढंच करून घ्या आणि अशीच नवी तीन द्या. दोन आठवड्यांत काहीच हललं नाही आणि तिला त्याचा कंटाळा येतोय, तर मग कॉमर्सचा विचार खुल्या मनानं करा. शिकवल्यावर हलणारी मुलगी पीसीएम करू शकते. पहिल्याच दिवशी सगळं यायला पाहिजे असं काही नाही.

आता जे मला मनापासून सांगायचं आहे ते. मराठी माध्यमाची मुलं फर्स्ट पीयूला पडतात ती बहुधा गणितात पडत नाहीत, भाषेत पडतात, आणि सगळे त्याला 'गणित कच्चं' असं नाव देतात. मुलं स्वतःही देतात.

मला एसएसएलसीला ८४ होते. फर्स्ट पीयूच्या पहिल्या चाचणीत ५० पैकी ११ पडले. ज्या कॉलेजात होते तिथल्या एका लेक्चररनी पेपर वाटताना सगळ्या वर्गासमोर विचारलं, मराठी मीडियमवाल्यांनी सायन्स घ्यायचंच कशाला. मी संध्याकाळच्या बसमध्ये रडत घरी गेले आणि आर्ट्सला बदलून घ्यायचा अर्ज लिहून ठेवला. तेव्हा आमच्याच गावची एक ताई सेकंड पीयूला होती. तिनं पेपर मागून घेतला, एक एक प्रश्न मला मराठीत सांगितला आणि म्हणाली, सोडव. आठ प्रश्नांपैकी सहा मी तिथेच सोडवले. सेट्सच्या एका उदाहरणात चहाही न आवडणारे आणि कॉफीही न आवडणारे किती, असं विचारलं होतं. 'नायदर-नॉर' म्हणजे काय हेच मला माहीत नव्हतं. मी दोन्ही आवडणारे काढून ठेवले होते.

त्या दिवसापासून मी एक वही केली. डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी. छेद म्हणजे डिनॉमिनेटर, कर्ण म्हणजे हायपोटेन्युज, लंब म्हणजे पर्पेंडिक्युलर, श्रेढी म्हणजे प्रोग्रेशन, संभाव्यता म्हणजे प्रोबॅबिलिटी. पण खरी अडचण या मोठ्या शब्दांची नसते, ते आठवड्यात पाठ होतात. अडवतात ते बारके शब्द: ॲट लीस्ट, ॲट मोस्ट, नॉट मोअर दॅन, इफ अँड ओन्ली इफ, हेन्स, सच दॅट, रिस्पेक्टिव्हली. 'कमीत कमी दोन' आणि 'दोनच' यांत पूर्ण गणित बदलतं. दीड महिन्यात वहीत दोनशेच्या आसपास शब्द झाले आणि दुसऱ्या चाचणीत ३१ आले. अर्ज तसाच दप्तरात राहिला.

म्हणून ती तीन उदाहरणं मी मुद्दाम मराठीत दिली आहेत. ती मराठीत जमली आणि कॉलेजात इंग्रजीत अडली, तर दोष कुठे आहे ते तुम्हाला कळलेलं असेल. कॉलेज सुरू होण्याआधी जे आठवडे मिळतील त्यांत तिच्या दहावीच्याच गणिताचं इंग्रजी माध्यमाचं पुस्तक आणून द्या. प्रकरणं तीच, उदाहरणं तीच, चित्रंही तीच, फक्त भाषा वेगळी. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचणं यासारखी तयारी नाही. आणि तिला ओळखीचं वाटत राहतं, ते या वयात फार लागतं.

पीसीएमच्या आत आणखी एक स्तर निवडावा लागतो, त्याकडे पालकांचं लक्ष नसतं. हल्ली आपल्याकडून मुलं धारवाड, मुडबिद्री, मंगळूरकडे पाठवायची लाट आहे, आणि बेळगावातही जेईईच्या वेगळ्या तुकड्या झाल्यात. जेईई मेनचा पेपर ३०० मार्कांचा, चुकलं तर मार्क कापतात, प्रश्न खोल. कर्नाटकची सीईटी वेगळी: गणिताचे ६० प्रश्न, ८० मिनिटं, चुकीला कपात नाही, आणि इंजिनिअरिंगच्या रँकमध्ये सीईटीचे निम्मे आणि पीयूच्या भौतिक, रसायन, गणित या विषयांचे निम्मे. म्हणजे जी मुलगी बोर्डाचा पेपर शांतपणे, पायऱ्या लिहून सोडवते तिचं निम्मं काम तिथेच झालं. तुमच्या मुलीला मी पहिल्या वर्षी जेईईच्या तुकडीत घालणार नाही. भाषा बदलायच्या वर्षात दुप्पट वेग लादला की चांगली मुलंही 'मला गणित येत नाही' म्हणायला लागतात, आणि ते वाक्य एकदा आत बसलं की काढायला वर्षं जातात.

डिप्लोमाची वाट सुद्धा आहे. एसएसएलसीनंतर तीन वर्षांचं पॉलिटेक्निक, मग डीसीईटी (डिप्लोमावाल्यांची प्रवेश परीक्षा) देऊन इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. हातानं काम करायची आवड असलेल्या मुलांना मी आवर्जून सुचवते. वर सांगितलेला ९६ वाला मुलगा असाच गेला आणि आनंदात आहे. मात्र गणित चुकवायचं म्हणून डिप्लोमा घेऊ नये. व्हीटीयूत (विश्वेश्वरय्या तंत्र विद्यापीठात) डिप्लोमावरून येणाऱ्यांना ॲडिशनल मॅथ्सचे जादा पेपर लागत आलेत, मुलं त्याला 'मॅटडिप' म्हणतात, आणि तिथे अडकलेली मुलं मी पाहिली आहेत.

'महाराष्ट्रात जायचं असेल तर अकरावीलाच कोल्हापूर गाठावं लागेल' असं आपल्या भागात बरेचजण सांगतात. इंजिनिअरिंगपुरतं तसं नाही. ज्यांची मातृभाषा मराठी आहे आणि जे सीमाभागातून दहावी-बारावी झालेत, त्यांच्यासाठी महाराष्ट्राच्या प्रवेशप्रक्रियेत वेगळा प्रवर्ग आहे. त्याचे दाखले मात्र वेळेत काढावे लागतात. तेव्हा पीयू इथेच करून एमएचटी-सीईटी देता येते. सोळाव्या वर्षी घर सोडायचा निर्णय फक्त या भीतीपोटी घेऊ नका.

घरात कुणाला फौजेची ओढ असेल, आणि मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच असल्यानं आपल्याकडे ती असतेच, तर हेही लक्षात असू द्या. एनडीएच्या लेखी परीक्षेत ९०० पैकी ३०० मार्क गणिताचे आहेत, आणि हवाई दल, नौदलासाठी बारावीला भौतिक, रसायन आणि गणित लागतं. २०२१ पासून मुलींनाही ती परीक्षा देता येते.

जीवशास्त्राचं विचारलेलं नाही, तरी एक सांगते. डॉक्टरकी किंवा बी.एस्सी. ॲग्री डोक्यात असेल तर पीसीएमबी. नसेल तर 'असू दे सोबत' म्हणून जीवशास्त्र घेऊ नका. तिनं कॉम्प्युटर म्हटलंय ते बरोबर आहे, तो वाचलेला वेळ गणिताला मिळेल.

सरांशी वाद घालू नका. त्यांनी तिला वर्गात पाहिलंय, त्यांना नेमकं विचारा: कुठल्या प्रकरणात ती अडते? 'बीजगणितात' म्हणाले तर वरचे दोन आठवडे आणखी मन लावून करून घ्या. 'आत्मविश्वास नाही', 'इंग्रजी नाही' असं म्हणाले तर ते गणिताचं कारणच नाही.

तिनं ती तीन उदाहरणं सोडवली की कागदाचा फोटो इथे टाका. खोडलेलं, चुकलेलं, बाजूला केलेलं कच्चं काम सगळं दिसू दे, स्वच्छ करून लिहायला लावू नका. मी बघून सांगते कुठून सुरुवात करायची.