फायनल इयरला असलेल्या फुटबॉलवाल्या पोराला

भावा,

परवा तू विचारलंस कॉलेज संपल्यावर फुटबॉलचं काय करू. स्टेडियमच्या गॅलरीत सगळी पोरं होती, नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय. जरा लांबेल पण वाच.

आधी कडू वाटेल ते सांगतो. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 ला सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपमध्ये भारताकडून खेळला, म्हणजे ज्या वयात आपली पोरं बारावीचे क्लास करत असतात त्या वयात तो तिथं पोचला होता. अकॅडमीवाले तेरा-चौदाव्या वर्षीच पोरं हेरतात, आणि तू विशी ओलांडलीयस. खेळ तुझा चांगलाच आहे, तुझा डावा पाय शाहू स्टेडियमवर सगळ्यांना माहितीये, पण आयएसएलवाल्यांचा, म्हणजे इंडियन सुपर लीगच्या क्लबांचा, फोन येईल म्हणून डिग्री लटकत ठेवू नकोस. आणि क्लब तरी कुठं कायमचे असतात रे? महिंद्रा युनायटेडनं 2006 ला नॅशनल लीग जिंकली, 2010 ला टीमच बंद. एफसी पुणे सिटी 2014 ला आली, 2019 ला संपली. त्यातली पोरं काय वाईट खेळत होती का?

आता खरा मुद्दा. पेठेनं तुला नाव दिलं, गल्लीत बॅनर लागले, जिंकल्यावर हलगीच्या तालावर खांद्यावर घेऊन नाचवलं, ते प्रेम खरंच आहे आणि ते जपायचंच. पण तालमीच्या, म्हणजे पेठेतल्या टीमची मॅच आहे म्हणून युनिव्हर्सिटीच्या सिलेक्शनला दांडी मारायची हे लगेच बंद कर. इंटर युनिव्हर्सिटीला पंचवीस वर्षांपर्यंतच खेळता येतं, तालमीकडून तू पस्तिशीपर्यंत खेळशील. लोकल स्पर्धेतला मॅन ऑफ द मॅच घरच्या शोकेसमध्ये राहतो, नोकरीच्या फॉर्मबरोबर तो जोडता येत नाही. राज्य सरकारच्या भरतीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे पण स्पर्धा कुठल्या पातळीची, मेडल कुठलं यावर सगळं ठरतं, आणि सर्टिफिकेट विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या ऑफिसातून तपासून घ्यावं लागतं. तो जीआर स्वतः डाउनलोड करून वाच, चहाच्या गाड्यावर कोणी सांगितलं म्हणून धरून चालू नकोस. रेल्वे, आर्मी यांच्या स्पोर्ट्स कोट्याच्या जाहिरातीसुद्धा आत्तापासून बघत जा, तिथंही पहिली कागदं मागतात आणि मग ट्रायल.

गुडघ्याचं पण बोलायचंय. मागच्या महिन्यात सूज होती तरी तू पट्टी बांधून उतरलास ते मी बघितलं. लिगामेंट तुटलं आणि ऑपरेशन केलं तर परत खेळायला नऊ महिने ते वर्ष सहज जातं, घाई केली तर परत तुटायची भीती वेगळीच. इंजेक्शन घेऊन फायनल खेळलेले आपल्यातलेच कितीतरी आज जिना उतरताना कठडा धरतात. एक मॅच सोडलीस तर पोरं आठवडाभर बोलतील, बोलू दे. एमआरआय कर आधी.

आणि खेळ थांबतो तेव्हा पैशापेक्षा संध्याकाळ जास्त खायला उठते. रोज चारला बूट घालायची सवय लागलेली असते, मग अचानक कोणी बोलवत नाही, ज्यांनी खांद्यावर घेतलं ते नव्या पोराच्या मागं लागलेले असतात. यात त्यांचं काही चुकत नाही, पण सोसत नाही हे. म्हणून खेळत असतानाच दुसरं काहीतरी धर. तुला लहान पोरांना शिकवायला आवडतं, गांधी मैदानावर तू त्यांना पासिंग दाखवतोस तेव्हा ती कशी ऐकतात बघितलंय मी. एआयएफएफचा, म्हणजे भारतीय फुटबॉल महासंघाचा, डी लायसन्स कोर्स कर, ती कोचिंगच्या सुरुवातीची पायरी. शाळेत सर व्हायचं असेल तर डिग्रीनंतर दोन वर्षांचं बीपीएड, म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी. रेफ्रीची परीक्षाही आहे, नियम पाठ असलेला माणूस आपल्याकडं कायमच कमी पडतो आणि मला विचारशील तर तुझ्यासारख्या शांत डोक्याच्या पोरानं तिकडं जावंच.

घरी वडिलांशी एकदा बसून बोल. त्यांना वाटतं तू नुसता मैदानात वेळ घालवतोस, हे पर्याय त्यांना कोणी सांगितलेलेच नाहीत.

रविवारी सकाळी सगळी सर्टिफिकेटं घेऊन ये. नाव मार्कलिस्टप्रमाणेच आहे का, तारीख, शिक्का, सही सगळं बघू. काही चुकलं असेल तर तू कॉलेजात आहेस तोवरच स्पोर्ट्सच्या सरांकडून दुरुस्त करून घेणं सोपं आहे, नंतर लय हेलपाटे पडतात.

तुझा,
दादा