गळाचं रीळ घरी उघडून साफ करावं का? आणि नवी लाइन भरली तरी दोन-चार फेकींत गुंता का होतो?

उघडा. बिनधास्त उघडा.

तुम्ही लिहिलंय की स्पिनिंग रीळ खरखरतंय, पण ओळखीचे एक अनुभवी गृहस्थ म्हणाले, "उघडलंत की मेलं समजा." हे वाक्य मी घरात चौदा वर्षं ऐकलंय. असं बोलणाऱ्याने स्वतः एकही रीळ उघडलेलं नसतं, हा माझा अनुभव. तुमच्या गृहस्थांना मी ओळखत नाही, पण माझ्या थोरल्या भावाला चांगला ओळखतो.

वडिलांचं एक जुनं, दगडासारखं जड रीळ होतं. त्यांचं गरवायला जाणं थांबलं तसं ते माझ्यात आणि दादात मिळून आलं. मी एकोणीस वर्षांचा असताना एका दुपारी ते वर्तमानपत्रावर उघडलं. ना फोटो काढले, ना सुटे भाग क्रमाने मांडले. बेलची, म्हणजे दोर स्पूलकडे वळवणाऱ्या तारेच्या कमानीची, स्प्रिंग टणकन उडाली, ती कपाटाखाली सापडली. सगळं परत बसवलं तेव्हा कागदावर एक पातळ चकती उरली होती. पत्र्याची, मधे भोक, कागदापेक्षा थोडी जाड. जास्तीची असेल म्हणून डबीत टाकली. रीळ फिरायला लागलं, पण जातं फिरवल्यासारखं.

पुढच्याच मोसमात दादाच्या गरीला चांगला मोठा मासा लागला. माशाने ओढ घेतली आणि हँडल गरकन उलटं फिरलं. दादाची बोटं सोलवटली, दोर ढिला पडला, मासा गेला. त्या दिवसापासून घरात चार माणसं जमली की ही गोष्ट निघते आणि शेवट ठरलेला: "याने उघडलं म्हणून." माझ्या लग्नातसुद्धा निघाली.

दोन वर्षांपूर्वी ते रीळ मी पुन्हा उघडलं. या वेळी शहाणपणाने: बर्फाच्या ट्रेमध्ये एकेका खणात एकेक भाग, निघाला त्या क्रमाने, आणि प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो. (तुम्हीही एवढं कराच, बाकी काही नाही केलं तरी.) आत काय होतं? मीठ. मेन बेअरिंगच्या कडेला पांढरी खपली आणि लाइन रोलर पार गच्च. लाइन रोलर म्हणजे बेलच्या टोकाची ती छोटी फिरकी, जिच्यावरून दोर वळून स्पूलवर, म्हणजे दोर गुंडाळायच्या चकरीवर, जातो. ती फिरेनाशी झाली की दोर तिच्यावर घासतो, तंतू सुटतात, पीळ चढतो. आमच्या रोलरवर तर दोराने खाच पाडली होती. म्हणजे दादा ज्या गुंत्यांसाठी वर्षानुवर्षं लाइन बदलत होता, ते गुंते त्या फिरकीत होते. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे: आधी रोलर बोटाने फिरवून बघा.

मीठ आत गेलं कसं? दादा समुद्रावरून आला की रीळ पूर्ण सोडलेल्या नळाखाली धरायचा. त्याच्या मते हीच निगा. पाण्याचा जोर बाहेरचं मीठ धुतो तेवढंच फटींतून आतही ढकलतो. ड्रॅगचा (मासा जोरात ओढू लागला की दोर सुटू देणाऱ्या ब्रेकचा) नॉब घट्ट करून हलकं पाणी शिंपडा, नाहीतर ओल्या फडक्याने पुसा. सावलीत वाळवा आणि ठेवताना ड्रॅग सैल करा, नाहीतर आतले वॉशर दबलेलेच राहतात. वर तो डब्ल्यूडी-४०चा फवारा मारायचा. त्या नावातला डब्ल्यूडी म्हणजेच 'वॉटर डिस्प्लेसमेंट', पाणी हटवणं. ओल काढायला छान, पण ते टिकणारं वंगण नव्हे, उलट आतलं ग्रीस पातळ करून घेऊन जातं. हे त्याला डबा दाखवून सांगितलं तर म्हणाला, तू मला शिकवू नकोस.

वंगणाचं थोडक्यात: गिअरना ग्रीस, बेअरिंगला आणि लाइन रोलरला पातळ तेलाचा एक थेंब. एक म्हणजे एकच. ग्रीस चोपडून भरणाऱ्यांना वाटतं रीळ खूश झालं. ते फक्त जड होतं.

आता लाइन भरणं. स्पिनिंग रिळात स्पूल जागच्या जागी असतं आणि दोर त्याच्याभोवती गुंडाळला जातो. इलिंगवर्थ नावाच्या इंग्रजाने १९०५ साली पेटंट घेतलेल्या स्थिर स्पूलच्या रिळापासून हे असंच चालत आलंय, त्यामुळे पीळ या यंत्राच्या रक्तातच आहे. आपल्या हातात तो वाढू न देणं एवढंच. नव्या तंगुसाचं (नायलॉनच्या दोराचं) भेंडोळं जमिनीवर आडवं ठेवा, दोर चिमटीत ताणून धरून पंधरा-वीस फेरे भरा, मग हात ढिला सोडा. दोर स्वतःभोवती वळायला लागला तर भेंडोळं उलटं करा. बस, यात विद्या नाही. स्पूलच्या काठाखाली दोन-तीन मिलिमीटर जागा सोडा. काठोकाठ भरलंत की फेकताना वेटोळी एकदम सुटतात आणि पक्ष्याचं घरटं तयार. विणलेला दोर, ज्याला दुकानात ब्रेड म्हणतात, थेट गुळगुळीत स्पूलवर भरू नका. सगळी गुंडाळी स्पूलवर घसरते आणि ड्रॅग गेला असं वाटतं. खाली थोडा तंगूस भरा.

आणि मासा दोर ओढून नेत असताना हँडल फिरवू नका. पाचास एक गिअरचं रीळ (हँडलच्या एका फेऱ्यात बेल पाच वेळा फिरते असं) असेल तर ड्रॅग घसरत असताना हँडलचा एक फेरा म्हणजे दोराला पाच पीळ. दादा हे हमखास करतो. सांगितलं तर म्हणतो, मासा तुझ्या गरीला कधी लागलाय?

हां, आता एक गोष्ट कबूल करायला हवी, नाहीतर हे उत्तर लबाडीचं होईल. हँडल उलटं फिरलं ते मिठामुळे नव्हे. उलट फिरणं अडवणारं एक वन-वे बेअरिंग असतं, बारीक रोलरांचं. त्याला ग्रीस लावायचं नसतं, रोलर घसरतात आणि पकड सुटते. मी एकोणिसाव्या वर्षी ते ग्रीसने लिंपून ठेवलं होतं. दोन वर्षांपूर्वी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतलं, वाळवलं, पकड परत आली. म्हणजे दादाचा मासा माझ्यामुळे गेला. गुंते मात्र त्याचे त्याने केले, यावर मी ठाम आहे.

'बिनधास्त' म्हटलंय खरं, पण काही रिळं उघडू नका. वॉरंटीतलं तर नाहीच. दायवा कंपनीच्या मॅगसील्ड रिळांत पाणी अडवायला चुंबकीय तेल असतं, त्यात आपलं तेल गेलं की ते सील बिघडतं. जपानी रिळांचे स्क्रू साध्या फुली स्क्रूसारखे दिसतात, पण त्यांना जेआयएसचा (जपानी मानकाचा) स्क्रूड्रायव्हर लागतो. दुसरा लावलात तर डोकं झिजतं आणि मग खरंच मेलं. काही हँडलना एका बाजूला उलटे आटे असतात, सुटत नाही म्हणून जोर लावू नका. बेटकास्टर, म्हणजे फेकताना ज्यात स्पूलच फिरतं ते रीळ, तुम्ही उघडायचं पहिलं रीळ नसावं. एवढं सोडून बिनधास्त.

ती उरलेली चकती डबीत होती तशीच सापडली. ती मुख्य गिअरमागची निघाली, गिअरचे दात नेमके जुळावेत म्हणून असते. बसवली आणि जातं थांबलं. तुमची खरखर चकतीची आहे की सुकलेल्या ग्रीसची, हे मला इथून कसं कळणार, ते उघडल्यावरच दिसेल.

रीळ सध्या माझ्याकडे आहे. दादा मागतोय. नळाखाली धरणार नाही असं त्याने तोंडाने म्हटलं की देईन.