मुलीला सैन्यात नेतील का?

मेघनाताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मिस्टरांना स्टाव्हांगरच्या तेल कंपनीत नोकरी मिळतेय, महिनाभरात होकार-नकार कळवायचाय, मुलगी १३ वर्षांची, मुलगा ९ वर्षांचा. घरभाडं, शाळा, थंडी यांवर तुम्ही चार ओळी लिहिल्यात आणि शेवटी खरा प्रश्न विचारलात: "नॉर्वेत मुलींनाही सक्तीनं सैन्यात घेतात म्हणे. सासूबाई म्हणतात, तसं असेल तर पोरीला घेऊन जायचंच नाही. खरं काय ते सांगा."

खरं आहे, घेतात. माझी लेक जाऊन आली आहे, त्यामुळे ऐकीव काही सांगत नाही. घरभाड्याचं शेवटी बघू.

इथे मुलग्यांना सैन्यसेवेची सक्ती शंभराहून जास्त वर्षं आहे. २०१३च्या जूनमध्ये संसदेनं ठरवलं की मुलींनाही तोच नियम लावायचा. १ जानेवारी २०१५पासून कायदा लागू झाला, १९९७ साली किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना. २०१६च्या उन्हाळ्यात पहिल्या मुली या कायद्याखाली छावणीत गेल्या. युरोपात हे करणारा पहिला देश नॉर्वे. मग स्वीडनला २०१७मध्ये रशियाची धास्ती वाटली, त्यांनी बंद पडलेली सक्ती पुन्हा आणली ती दोघांसाठी. डेन्मार्कनंही १ जुलै २०२५नंतर १८ पूर्ण करणाऱ्या मुलींची नावं सैन्यभरतीच्या सोडतीत घातली.

प्रत्यक्षात काय होतं? १७व्या वर्षी मुलाला किंवा मुलीला एक ऑनलाइन फॉर्म येतो. तब्येत, चष्मा, दमा, शाळा, आणि एक महत्त्वाचा प्रश्न: तुला जायची इच्छा किती? त्यातून निवडक मुलांना 'सेशून'ला बोलावतात. तिथे पळवतात, वजन उचलायला लावतात, बुद्धीची चाचणी घेतात, डॉक्टर तपासतो. एका वयाची मुलं-मुली असतात साधारण ६० हजार, आणि सैन्याला दरवर्षी लागतात फार तर दहा हजार. म्हणजे सहातला एक. त्यामुळे ज्याला मनापासून जायचंय आणि जो धडधाकट आहे त्यालाच बहुधा उचलतात. पण 'बहुधा' हा शब्द लक्षात ठेवा. बोलावणं आलं आणि नुसतं 'मूड नाही' म्हणून गेलं नाही, तर शिक्षा होऊ शकते. शस्त्र धरणं आपल्या विवेकात बसत नाही असं कोणी प्रामाणिकपणे मांडलं तर सूट मिळते. पूर्वी अशांना त्याऐवजी नागरी सेवा करावी लागायची, तीही २०१२ला बंद झाली.

आता तुमच्या घराचा हिशोब करू, कारण मला वाटतं तो तुम्ही केलेला नाही.

सक्ती आहे ती नॉर्वेच्या नागरिकांना. भारतीय पासपोर्टवर राहणाऱ्याला नाही, अगदी कायमचा परवाना असला तरी नाही. नागरिकत्वाला साधारण ८ वर्षांचं वास्तव्य लागतं, उत्पन्न पुरेसं असेल तर ६. (हे नियम बदलत राहतात, यूडीआय म्हणजे इथलं परदेशी नागरिकांचं खातं, त्याच्या साइटवर त्या-त्या वेळी बघा.) तुमची लेक १३ची आहे, म्हणजे नागरिकत्वाचा विषय निघेपर्यंत तिला १८ पूर्ण झालेली असतील. १७व्या वर्षीचा तो फॉर्म तिला येणारच नाही. पुढे ती सज्ञान होऊन स्वतः अर्ज करेल तेव्हा काय पत्करायचं ते तिचं तिला कळेल.

फॉर्म येण्याची शक्यता कुणाला आहे? मुलाला. तो १५-१६चा असताना तुम्ही दोघांनी नागरिकत्व घेतलं आणि त्याचंही घेतलंत, तर बरोबर १७व्या वर्षी तो यादीत असेल. (बारा वर्षांपुढच्या मुलाची स्वतःची संमती लागते हेही ध्यानात घ्या, परस्पर सही करून चालत नाही.) आणि मेघनाताई, त्याच्याबद्दल तुमच्या पत्रात एक शब्द नाही. सासूबाईंनीही काढलेला दिसत नाही.

तुम्हाला टोचावं म्हणून लिहीत नाही. मीही तेच केलं होतं. आम्ही २००८ला आलो तेव्हा मैत्रेयी पाच वर्षांची होती, आणि तेव्हा सक्ती फक्त मुलग्यांना होती. "बरं झालं आपल्याला मुलगी आहे," असं मी आईला फोनवर म्हटल्याचं मला पक्कं आठवतं. माझं माहेर साताऱ्याकडचं, अपशिंगे मिलिटरीच्या जवळचं. त्या गावानं पहिल्या महायुद्धात ४६ माणसं गमावली, आणि आजही तिथे घराघरात फौजेतला माणूस असतो. आमच्याकडे दोन मामा, एक चुलता फौजेत. म्हणजे फौज आम्हाला परकी नव्हती, मुलगा गेला तर छाती फुगायची. मुलगी म्हटल्यावर मात्र तीच माणसं म्हणाली, "अगं, तिचं लग्न कसं होणार?" रिटायर्ड सुभेदार मामा!

मैत्रेयीला फॉर्म आला २०२०ला. आम्ही २०१७ला नागरिकत्व घेतलं होतं. तिनं 'इच्छा आहे' वर टिचकी मारली आणि मला चार दिवसांनी सांगितलं. त्यात २०२२च्या फेब्रुवारीत युक्रेनचं युद्ध पेटलं आणि जुलैमध्ये ती निघाली, कुठे, तर किर्केनेसला. नकाशात बघा, देशाचं पार वरचं उजवं टोक. रशियाशी १९८ किलोमीटरची सीमा आहे आणि त्या सीमेवर पहारा देणारे बहुतेक जण हे असे वर्षभरासाठी आलेले १९-२० वर्षांचेच असतात. नॉर्वेचा खांब पिवळा, चार पावलांवर रशियाचा लाल-हिरवा. पलीकडे दगड भिरकावणंसुद्धा गुन्हा. नोव्हेंबरच्या शेवटी तिथे सूर्य बुडतो तो जानेवारीच्या मध्यापर्यंत उगवत नाही. त्या वर्षी मी देवापुढे रोज दोन दिवे लावत होते. एक नेहमीचा, एक तिच्यासाठी.

आणि खोली? सहा जणांची. दोन मुली, चार मुलगे. हे मी सासूबाईंना आजतागायत सांगितलेलं नाही, तुम्हीही तुमच्या सासूबाईंना सांगू नका. ऐकून मला घाम फुटला होता. पण यामागे विचार आहे. उत्तरेतल्या एका तळावर अशा मिश्र खोल्यांचा अभ्यास झाला, तेव्हा दिसलं की एका खोलीत राहून, एकमेकांचे घाणेरडे मोजे बघून, पोरं-पोरी भावंडांसारखी वागायला लागतात आणि त्रास कमी होतो. मैत्रेयी म्हणते, "आई, तीस किलोचं ओझं घेऊन बर्फातून आल्यावर कोणाला कोणाकडे बघायचं सुचत नाही." म्हणून सगळं गोडगोड आहे असं समजू नका. सैन्यानं स्वतःच केलेल्या पाहण्यांत तरुण मुलींना छेडछाडीचा त्रास मुलग्यांपेक्षा कितीतरी जास्त होतो हे उघड झालं, वर्तमानपत्रांत गाजलं. जवानांत आज साधारण तिसरा हिस्सा मुलींचा आहे, तरी हे संपलेलं नाही.

जाता जाता एक गंमत. ती जायच्या सहा महिने आधी बातमी आली की कोरोनामुळे पुरवठा अडलाय, तर सेवा संपवून घरी जाणाऱ्यांनी मोजे आणि आतले कपडेसुद्धा परत करावेत, ते धुऊन पुढच्या तुकडीला देऊ. तुळशीबागेतून डझनभर बनियनं, निकर आणि लोकरीचे मोजे असं पार्सल पुण्याहून आलं ते त्यामुळे. जेवणाचं विचाराल तर शाकाहारी मिळतं. २०१३मध्ये इथल्या सैन्यानं सोमवारी मांस नाही असं जाहीर केलं होतं. श्रावणाशी संबंध नाही, पर्यावरणासाठी.

मुलींना सक्ती असावी का? तुम्ही विचारलं नाहीत, पण प्रश्नाच्या पोटात ते आहेच. माझं मत: सक्ती असलीच तर दोघांना हवी. पण क्रम चुकता कामा नये. नॉर्वेनं क्रम पाळला. १९८५ला सैन्यातली प्रत्येक जागा, लढाईतलीसुद्धा, बायकांना खुली केली. १९९५ला सुल्वाइ क्राय ही बाई पाणबुडीची कमांडर झाली, जगातली पहिली. बाळंतपणाच्या रजेतले १५ आठवडे बापासाठी राखीव आहेत, त्यानं नाही घेतले तर वाया जातात. पाळणाघरं, पगार, राजकारण, हे सगळं बऱ्यापैकी जागेवर आल्यानंतर ३० वर्षांनी सक्ती आली. आधी हक्क दिले, मग कर्तव्य मागितलं. शिवाय २०१३ला सैनिकांचा तुटवडाही नव्हता. उलट मुलंच जास्त होत होती. मुद्दा हा होता की निवड करायचीच तर अर्ध्या देशातून का करायची? संसदेत फक्त ख्रिस्ती लोकपक्ष विरोधात गेला. बाहेर मात्र स्त्रीवादी बायकांतच जुंपली होती. मूल नऊ महिने पोटात आम्ही वाढवतो, घरचं अजून जास्त आम्हीच करतो, वर बंदूकही आम्हीच उचलायची का, असं काहींचं म्हणणं होतं. ते मला मुळीच खुळचट वाटत नाही. जिथे मुलीला रात्री नऊला एकटीनं बसनं घरी येता येत नाही, तिथे समानतेची सुरुवात सक्तीच्या फौजेपासून करणं म्हणजे बाईला फसवणं आहे.

आमचे हे म्हणतात, सक्तीच मुळात कुणाला नको, मुलाला नको नि मुलीलाही नको. यावर आमच्याकडे चहा थंड होईपर्यंत वाद होतो. सोडून देऊ.

मराठी घरात हे अघटित आहे असंही नाही. अलिबाग-पेणकडून, ठाण्यातून इस्रायलला गेलेली बेने इस्रायली माणसं घरात मराठी बोलतात, पुरणपोळ्या करतात, आणि त्यांच्या मुली तिथल्या सक्तीच्या सैन्यसेवेत जाऊन आल्या आहेत. इस्रायलमध्ये मुलींना ही सक्ती पार १९४९च्या कायद्यापासून आहे. आणि खडकवासल्याला ३० मे २०२५ला एनडीएतून १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. त्या स्वतःहून गेल्या होत्या, सक्तीनं नाही. पण सुभेदार मामानं ते संचलन टीव्हीवर बघितलं आणि मला फोन केला. "तुझी बी दिसली असती तिथं," म्हणाला. लग्नाचं काही बोलला नाही.

आता जे कोणी सांगत नाही ते सांगते. ही गोष्ट मुलाच्या बाबतीत तुमच्या कामाला येईल. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. नॉर्वेनं २०२०पासून ते मान्य केलं असलं तरी आपल्याला उपयोग शून्य, नॉर्वेचा पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व गेलं. मग आपण ओसीआय कार्ड काढतो, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला भारतात येण्या-राहण्याची मुभा देणारं कार्ड. आणि ओसीआयच्या नियमात असं आहे की परदेशी सैन्यात असलेल्या किंवा होऊन गेलेल्या माणसाला ते मिळत नाही. इस्रायलमधल्या भारतीय वंशाच्या लोकांना हीच अडचण होती. २०१७च्या जुलैमध्ये तेल अवीवच्या सभेत पंतप्रधानांनी सक्तीची सेवा केलेल्यांनाही कार्ड देऊ असं जाहीर केलं, तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला तो उगीच नाही. मैत्रेयीचं ओसीआय आम्ही ती १४ वर्षांची असतानाच काढून ठेवलं होतं. तुम्हीही नागरिकत्वाबरोबर लगेच मुलांचं काढा, फॉर्मचं वय यायच्या आत. आणि सक्तीच्या एक वर्षाच्या सेवेनं त्या कार्डाला बाध येतो का, हे ऑस्लोच्या दूतावासाकडून लेखी घ्या. फोनवर कोणी "काही होत नाही हो" म्हणालं तर त्यावर विसंबू नका.

दुसरी अडचण सुरक्षा मंजुरीची. गेल्या दहा वर्षांचा तुमचा इतिहास त्यांना तपासता यायला लागतो. त्यामुळे अलीकडे आलेल्या घरातली मुलं उत्साहानं सेशूनला जातात आणि इथे अडकतात. इच्छा असूनही घेतलं नाही म्हणून रडणारी दोन भारतीय पोरं मला माहीत आहेत. घेतलं तर वर्षाची सेवा करून विद्यापीठ प्रवेशाला दोन जादा गुण मिळतात, मिळालेली जागाही राखून ठेवता येते. हातात येतो तो पगार नव्हे, भत्ता. आणि ते वर्ष संपलं की विषय संपत नाही, ४४व्या वर्षापर्यंत नाव यादीत राहतं.

राजकन्या इंग्रिड अलेक्सांद्रासुद्धा २०२४च्या जानेवारीत उत्तरेला शोल्डच्या छावणीत दाखल झाली. चिलखती गाडीवर तोफ चालवायची, बारा महिन्यांऐवजी पंधरा राहिली. सासूबाईंना हे जरूर सांगा, राजघराण्याचा दाखला आमच्याकडे तरी लागू पडला.

घरभाडं. तीन महिन्यांचं डिपॉझिट मागतील, ते घरमालकाच्या हातात द्यायचं नसतं, तुमच्याच नावाच्या वेगळ्या बँक खात्यात अडकवून ठेवतात. रोख मागणारा भेटला तर तिथून उठा. मडला भागातली घरं बघा. तिथेच नौदलाची रंगरुटांची छावणी आहे. रविवारी संध्याकाळी सुट्टीवरून परतणारी पोरं बसमध्ये भली थोरली हिरवी बोचकी घेऊन चढतात, अर्धी झोपलेली, कानात वायरी. त्यांतल्या मुली कोणत्या हे पहिल्या नजरेत कळत नाही.