गटाच्या बैठका चालवताना तुमची नेतृत्वाची पद्धत कोणत्या शिक्षकांमुळे आणि कोणत्या सवयींमुळे घडली?

मी बचत गटांच्या आणि ग्रामसभेआधीच्या वस्तीबैठका चालवते. सगळ्यांत जास्त मी शिकले ती मेंढा (लेखा) या गावाकडून. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं हे गोंड गाव. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला म्हणून बातम्यांत आलं. मला मात्र त्याआधीपासून चालत आलेली त्यांची बैठकीची रीत महत्त्वाची वाटते.

तिथे बहुमताने काही ठरत नाही. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुढच्या बैठकीवर ढकलला जातो. असं केल्यावर काम कधी व्हायचं, असं कोणालाही वाटेल. पण त्यांनी चर्चा आणि निर्णय यांच्या जागाच वेगळ्या केल्या आहेत. अभ्यास गटात बोलायचं, वाचायचं, वाद घालायचा; तिथे बाहेरचे लोकही बसतात. निर्णय मात्र ग्रामसभेत, फक्त गावाचा. विनोबांच्या विचारातून आलेले कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल अनेक वर्षं या गावासोबत होते, पण निर्णयात त्यांचा वाटा नव्हता. गावातलेच नेते देवाजी तोफा आणि गावकरी ठरवणार. गट चालवणाऱ्याने कुठे थांबायचं, हे मला यातून कळलं.

म्हणून अवघड विषय असला की मी सुरुवातीलाच सांगते, ‘आज नुसतं बोलायचंय, ठरवायचं पुढच्या बैठकीत.’ तावातावाने बोलणाऱ्याला त्या दिवशी जिंकायला काही उरत नाही. मग बाकीचे बोलू लागतात.

दुसरे गुरू कर्ट लेविन, गटातल्या वागण्याचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ. १९४६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत कनेक्टिकटला त्यांची एक कार्यशाळा होती. रात्री प्रशिक्षक आणि निरीक्षक बसून दिवसभरात गटात काय घडलं ते मांडत. काही प्रशिक्षणार्थींनी, आम्हीही बसू का, असं विचारलं. लेविन यांनी बसू दिलं. एका बाईने तिच्याबद्दलचं निरीक्षण तिथेच खोडून काढलं, आणि पुढच्या रात्रींना गर्दी वाढत गेली. मीही बैठकीनंतर दहा मिनिटं काढून विचारते: आज कोण बोललंच नाही? मी कोणाला मध्येच तोडलं? पहिल्यांदा सगळ्या ‘छान झालं’ म्हणतात. तिसऱ्या-चौथ्या वेळी खरं ऐकायला मिळतं.

लोकसहभागी ग्रामीण अभ्यासाचा पुरस्कार करणारे रॉबर्ट चेंबर्स यांचं ‘काठी त्यांच्या हाती द्या’, म्हणजे नकाशा काढणं आणि सांगणं गावकऱ्यांवर सोपवा, हे सूत्र प्रशिक्षणात सगळेच ऐकवतात. ते पटायला मला रांगोळीचा नकाशा लागला. गावनकाशा काढताना रांगोळी बायांच्या हातात असली की विहीर, हापसा, सरपणाची वाट आधी उमटते. खडू ग्रामसेवकाच्या हातात असला तर आधी ग्रामपंचायतीची इमारत!

आणि एक सहयोगिनी ताई, म्हणजे बचत गटांना मार्गदर्शन करणारी कार्यकर्ती. गटाच्या पंचसूत्रीत नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे येतात. या लेख्यांवर तिचा फार जीव. मागचं इतिवृत्त ती दर वेळी नव्या सदस्येकडून वाचून घ्यायची, अडखळत का होईना. प्रश्न विचारला की मनात दहा आकडे मोजेपर्यंत गप्प बसायचं, हीही तिचीच सवय. ऐकायला सोपं आहे, करून बघा.

मेंढ्याची रीत आमच्या गटात आणताना एक अडचण येते. ‘मान्य आहे ना?’ म्हटलं की सगळ्या माना हलतात, आणि ती सहमती नसते. म्हणून मी एकेकीला नाव घेऊन विचारते, ‘यात तुम्हाला काय अडचण येईल?’ सासू-सून एकाच गटात असतील तर तेवढ्यानेही भागत नाही. तेव्हा बैठकीआधी घरी जाते आणि दोघींशी वेगवेगळं बोलून येते. सुनेशी बहुतेक वेळा पाणी भरायच्या वाटेवरच बोलणं होतं.