टेस्ट पायलटला इंजिनिअरिंग कशाला?

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. जेईईचा क्लास लावला, पण आता तिला टेस्ट पायलट व्हायचंय. 'पायलटला इंजिनिअरिंग कशाला?' म्हणते आणि अभ्यासाला हात लावत नाही. बाबा म्हणतात, आधी इंजिनिअरिंगची सीट घे, मग बघू. काय करावं? – एक आई, मनीषनगर, नागपूर

ताई, पोरीला आधी हे काम नेमकं काय असतं ते कळू द्या. ठरलेल्या उंचीवर, ठरलेल्या वेगात विमान स्थिर धरायचं, स्टिकला छोटासा झटका द्यायचा आणि ते किती हेलकाव्यांत शांत होतं ते बघायचं. मग वेग जरासा वाढवून पुन्हा तेच. खाली टेलिमेट्रीच्या, म्हणजे विमानातून येणारे आकडे दाखवणाऱ्या खोलीत फ्लाइट टेस्ट इंजिनिअर त्यांवर डोळा ठेवून असतो. उतरल्यावर रिपोर्ट लिहायचा. 'विमान जरा जड वाटलं' एवढ्यावर डिझायनरनं काय करावं? म्हणून हाताळणीला एक ते दहा आकडे देण्याची कूपर-हार्पर पद्धत १९६९ पासून आहे. एक म्हणजे उत्तम, दहा म्हणजे विमान हाताबाहेर. ती बसवणारा कूपर नासाचा टेस्ट पायलट, हार्पर इंजिनिअर. नील आर्मस्ट्राँगनंही १९५५ मध्ये एरोनॉटिकल इंजिनिअरिंगची डिग्री घेतली, एक्स-१५ हे रॉकेट विमान त्यानंतर उडवलं. चंद्र तर फारच पुढे.

बारावीनंतर थेट टेस्ट पायलट करणारी परीक्षा नाही. आधी हवाईदलात पायलट, मग बरीच वर्षं उड्डाण, मग निवड झाली तर बंगळुरूच्या टेस्ट पायलट्स स्कूलमधला जवळपास वर्षभराचा कोर्स. तुमच्या घरातलं भांडण इतक्या लांबच्या गोष्टीवरून चाललंय!

मी एनडीएचा, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा फॉर्म भरायला सांगेन. तिथं वय साडेसोळा ते साडेएकोणीस लागतं, म्हणून ही संधी थांबणार नाही, बी.ई. नंतर ती मिळायची नाही. मुलींची पहिली तुकडी तिथं २०२२ मध्ये दाखल झाली. हवाईदलाच्या कॅडेटला तिथं बी.टेक. करता येतं, आणि लेखी परीक्षेत गणित-फिजिक्स आहेच, तेव्हा जेईईचा अभ्यास वाया जात नाही. नाही जमलं, तर बी.ई. करून एफकॅट ही हवाईदलाची प्रवेश परीक्षा. फ्लाइंगला वय वीस ते चोवीस. फक्त ते चौदा वर्षांचं शॉर्ट सर्व्हिस कमिशन, म्हणजे ठरावीक मुदतीची नोकरी असते, हे बाबांना आत्ताच सांगून ठेवा.

पायलटच्या कलाची सीपीएसएस ही संगणकावरची चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. नापास झाली की हवाईदलाच्या फ्लाइंगचं दार बंद. 'जा, अनुभव घेऊन ये' म्हणून मुलीला पाठवू नका. आणि क्लासची फी भरण्याआधी डोळे तपासून घ्या, रंग ओळखण्यासकट. क्लासवाले हे नंतर सांगतात.

डोळ्यांमुळे अडलं तरी बंगळुरूच्या त्याच स्कूलमध्ये फ्लाइट टेस्ट इंजिनिअरही तयार होतात. स्क्वाड्रन लीडर आश्रिता ओलेटी २०२१ मध्ये हवाईदलातल्या पहिल्या महिला फ्लाइट टेस्ट इंजिनिअर झाल्या. त्या वाटेवर इंजिनिअरिंगची डिग्री लागतेच.

नागपुरात तुमची एक सोय आहे. हवाईदलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय इथंच, वायुसेनानगरला. ओळखीपाळखीतून एखादे निवृत्त इंजिनिअर अधिकारी गाठा आणि मुलीला घेऊन जा. प्रश्न तिलाच विचारू द्या. पगाराचं तुम्ही निघताना विचारा.