वीज कोसळल्यावर हार्ड डिस्कमधल्या फाइली कशा काढाव्यात?

प्रश्न : आमचा फोटो स्टुडिओ आहे. वळवाच्या पावसात जवळच्या खांबावर वीज पडली आणि संगणक बंद पडला. नवा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) बसवला. पण २ टीबीची डिस्क जोडली की पंखा जरासा हलतो आणि सगळं थांबतं; ती काढली की संगणक चालू होतो. दुसरी १ टीबीची डिस्क फिरते, पण टक-टक वाजते आणि दिसत नाही. दोन्हींत ग्राहकांच्या लग्नांचे फोटो आहेत. दुकानदार म्हणतो, डेटा गेला. खरंच गेला का?
— वाचक, औसा

उत्तर : पहिल्या डिस्कबाबत तरी दुकानदाराचं ऐकून ती टाकून देऊ नका. तुम्ही सांगता ते लक्षण चांगलं आहे. साडेतीन इंची डिस्कला दोन दाब लागतात : मोटारीसाठी १२ व्होल्ट आणि इलेक्ट्रॉनिक्ससाठी ५ व्होल्ट. या दोन्ही वाटांवर, पॉवरच्या खाचेजवळच, डिस्कच्या बाहेरच्या सर्किट बोर्डावर बहुतेक वेळा एकेक टीव्हीएस डायोड असतो. दाब अचानक चढला की तो स्वतः शॉर्ट होतो आणि मागच्या चिप वाचवतो. शॉर्ट दिसला की एसएमपीएस स्वतःला बंद करून घेतो. म्हणून पंखा हलून थांबतो. फोटो ज्या तबकड्यांवर आहेत, त्यांना यात बहुधा काहीच झालेलं नसतं.

डिस्क संगणकापासून पूर्ण सोडवा. बोर्डाचे स्क्रू टॉर्क्स पेचकसाने, बहुधा टी-६ने, निघतात. मल्टिमीटर २०० ओहमवर ठेवून दोन्ही डायोड मोजा, मग टोकं उलटी करून पुन्हा मोजा. दोन्ही बाजूंनी जवळजवळ शून्य आलं तर तो डायोड शॉर्ट आहे. तेवढाच काढायचा. मग १२ व्होल्टची पिन आणि ग्राउंड यांच्यात पुन्हा मोजा. शॉर्ट गेला असेल तर बोर्ड परत बसवा. बोर्डामागचे तांब्याचे ठिपके काळवंडले असतील तर आधी खोडरबराने हलकेच पुसून घ्या. शॉर्ट तसाच असेल तर बहुधा मोटार चालवणारी चिप जळली आहे, त्या बोर्डाला पुन्हा वीज देऊ नका.

डायोड काढलेल्या डिस्कला आता कवच नाही. ती फक्त फाइली उतरवून घेण्यापुरती वापरायची, तीही खात्रीच्या एसएमपीएसवर. नवा आहे म्हणून गृहीत धरू नका, मोजून पाहा : १२ची वाट ११.४ ते १२.६ आणि ५ची वाट ४.७५ ते ५.२५ व्होल्टमध्ये हवी. मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या निघणारा एसएमपीएस असेल तर जुन्याच्या केबल नव्याला लावू नका. टोक बसतं, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो आणि विजेतून वाचलेली डिस्क तिथे जळते.

डिस्क दिसू लागली की विंडोज कधीकधी ‘इनिशियलाइझ’ किंवा ‘फॉरमॅट’ करू का विचारतं. दोन्हींना नकार द्या. डिस्क दुरुस्त करणारं चेकडिस्कही चालवू नका, कारण ते मूळ डिस्कवर लिहितं. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने निदान २ टीबी जागा असलेल्या दुसऱ्या डिस्कवर संपूर्ण प्रतिमा, म्हणजे हुबेहूब प्रत घ्या. नोंदीची मॅप फाइल ठेवा, म्हणजे मध्येच वीज गेली तरी काम तिथूनच पुढे चालतं. पहिल्या फेरीत अडलेले भाग सोडून द्यायचे आणि नंतर त्यांवर तीनेक फेऱ्या करायच्या. सेकंदाला १०० एमबी वेग धरला तर साडेपाच तास लागतात. पुढची सगळी शोधाशोध त्या प्रतीवरच.

बोर्डच गेला असेल तर दुसरा बोर्ड लागेल. तो शोधताना लेबलवरचा मॉडेल क्रमांक पुरत नाही. हिरव्या किंवा निळ्या पाटीवरच छापलेला क्रमांक जुळायला हवा. तेवढ्यानेही भागत नाही. आजच्या डिस्कमध्ये त्या एकाच डिस्कच्या, तबकड्या वाचणाऱ्या हेडांची जुळणी आठ पायांच्या छोट्या रॉम चिपमध्ये असते. ती जुन्या बोर्डावरून नव्यावर हलवावी लागते. हॉट एअर असलेला चांगला मोबाइल कारागीर हे करू शकतो. काही बोर्डांवर ही चिप वेगळी नसते, माहिती मुख्य चिपमध्येच असते. तिथे मात्र डेटा रिकव्हरीवाल्याकडेच जा.

दुसरी डिस्क आता चालू करू नका, एकदाही नाही. विजेनंतरची टक-टक बहुधा हेडांजवळचा सूक्ष्म अँप्लिफायर गेल्याची खूण असते आणि तो बंद डब्याच्या आत असतो. हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगतात, धुळीचा कण त्याहून कितीतरी मोठा. घरी झाकण उघडलं तर उरलेली आशाही जाते. धूळमुक्त कक्ष असलेली प्रयोगशाळा निवडा, खर्चाचा अंदाज लेखी घ्या आणि पैसे देण्याआधी मिळालेल्या फाइलींची यादी मागा.

प्रश्न : विजेने लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला. एसएसडी केसमध्ये घालून दुसऱ्या संगणकाला जोडली तर ४८ आकडी किल्ली मागते.
— वाचक, चिपळूण

उत्तर : डिस्क शाबूत आहे, पण विंडोजच्या बिटलॉकर या कुलूप-सुविधेने कुलूपबंद आहे. रोज आपोआप कुलूप उघडणारी टीपीएम व्यवस्था त्या मदरबोर्डाबरोबर गेली. लॅपटॉपवर ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करत होता, तेच दुसऱ्या यंत्रावर उघडा आणि रिकव्हरी की शोधा. पडद्यावरचा की आयडी तिथल्या आयडीशी जुळवा. लॅपटॉप कार्यालयाचा असेल तर किल्ली तिथल्या संगणक विभागाकडे असू शकते. किल्लीशिवाय कोणतीही प्रयोगशाळा हा डेटा वाचू शकत नाही, तसं आश्वासन देणाऱ्याला पैसे देऊ नका.

प्रश्न : स्पाइक गार्ड पुरेसा आहे का?
— वाचक, वर्धा

उत्तर : नाही. त्यातला जादा दाब शोषणारा व्हॅरिस्टर दर धक्क्याला झिजतो, आणि दिवा पेटतो म्हणजे तो शाबूत आहे असं धरता येत नाही. शिवाय वीज तांब्याच्या ब्रॉडबँड केबलमधून राउटरमार्गे लॅनच्या वायरीतूनही येते. अर्थिंग तपासून घ्या. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ अॅप आसपासच्या विजांची सूचना देतं. ती आली की प्लग आणि लॅनची वायर दोन्ही काढा. बॅकअपची डिस्क कॉपी झाल्याबरोबर सोडवून कपाटात ठेवा, कारण जोडून ठेवलेली डिस्क त्याच दणक्यात जाते.