नागपुरात मे महिन्यात दहा दिवस घर बंद राहणार आहे. गच्चीवरच्या कुंड्यांना मातीची ओल मोजणारे सेन्सर लावून आपोआप पाणी देता येईल का?

हो, येईल, फक्त दोन काट्यांचा स्वस्त रेझिस्टिव्ह सेन्सर (मातीतून वीज सोडून ओल मोजणारा) न घेता कॅपॅसिटिव्ह (मातीतून वीज न सोडता मोजणारा) घ्या. रेझिस्टिव्हचे काटे ओल्या मातीतून वीज जाऊन गंजतात आणि आकडे भरकटतात. कॅपॅसिटिव्हमध्ये मातीत धातू उघडा राहत नाही. वरच्या बाजूचे उघडे भाग मात्र पाण्यापासून जपावे लागतात, मी नेलपॉलिशचे दोन हात देतो. ईएसपी३२ (सेन्सर वाचून पंप चालवणारा वायफायचा छोटा बोर्ड) वापरत असाल तर सेन्सरसाठी ३४ किंवा ३५ नंबरची पिन घ्या. एडीसी म्हणजे सेन्सरचा व्होल्टेज आकड्यात बदलणारा भाग; या पिना एडीसी१च्या आहेत, आणि वायफाय चालू असताना एडीसी२च्या पिनांवर रीडिंग मिळत नाही. कोरड्या-ओल्याची हद्द तुमच्याच कुंडीत ठरवा: एकदा सुकल्या मातीत, एकदा पाणी घालून निथळल्यावर.

पण कुंडीत आपली काळी माती असेल तर सांभाळून. ४५ अंशांत ती भेगाळते, सेन्सरभोवती फट पडते आणि खाली ओल असूनही तो ‘कोरडं’च सांगत राहतो. म्हणून पंप एका वेळी ३० सेकंदांच्या वर चालणार नाही आणि मध्ये निदान तासभर थांबेल, हे प्रोग्राममध्येच टाका. आणि पंप ज्यातून पाणी घेतो तो ड्रम कुंड्यांपेक्षा खाली ठेवा, नाहीतर पंप बंद झाल्यावरही सायफनने अख्खा ड्रम रिकामा होतो.